मे महिन्यात आठ वर्षांच्या मुलाला मोबाइलवर काय दाखवावं, म्हणजे वेळ वाया जाणार नाही?

नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा 'जा, बाहेर खेळ' हे बोलायला सोपं. आमच्याकडेही दुपारी कूलर आणि मोबाइल दोन्ही सुरूच असतात.

माझा अनुभव असा की काय बघतो यापेक्षा बघून झाल्यावर हाताला काही काम उरतं का, हे महत्त्वाचं. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे मोफत अ‍ॅप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. सकाळी सहाला गच्चीवर ते सुरू केलं, तर समोरच्या पिंपळावरून येणारं 'टुक-टुक' तांबटाचं निघालं. पोरगा पंधरा मिनिटं मान वर करून हिरव्या पानांत तो हिरवा पक्षी शोधत होता. मोबाइल माझ्याच हातात राहिला! कधीकधी अ‍ॅप चुकतं, मग चित्र बघून आमचा वाद. तो तर जास्तच कामाचा.

दुपारी अर्धा तास स्क्रॅच, पण ते लॅपटॉप किंवा टॅबवर, कारण फोनवर त्यात खेळ बनवता येत नाही. मोफत आहे, स्क्रीनवरचे सूचनांचे ठोकळे जोडून स्वतःचा खेळ बनवता येतो. पहिले दोन दिवस शेजारी बसा, नाहीतर त्यातलं मांजर इकडून तिकडे पळवण्यापलीकडे गाडी जात नाही.

'शैक्षणिक' म्हणवणारी कार्टून मात्र मी बंद केली. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं, मग रडारड. निदान ऑटोप्ले तरी बंद करा. आणि ग्रहताऱ्यांचा व्हिडिओ आवडलाच, तर ऊन उतरल्यावर गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रात न्या, तिथे तारांगण आहे.