वाचकांचे प्रश्न : हट्ट, दुर्लक्ष आणि प्रबलन

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. मोबाइलसाठी आरडाओरडा केला की लक्ष द्यायचं नाही, असं ठरवलं. चार दिवसांत हट्ट उलट दुप्पट झाला. वर्तनवादी उपाय पुस्तकातच बरे का?

उत्तर : उपाय बरोबर आहे, तो अर्ध्यावर सोडू नका. ज्या वर्तनानंतर हवं ते मिळतं ते बळावतं, हे प्रबलन. मिळणं बंद झालं की वर्तन विझत जातं, हे विलोपन. पण विझण्याआधी ते बऱ्याचदा उसळतं. आवाज चढतो, रडणं लांबतं, लाथा झाडण्यासारखं नवंही काही निघतं. नेमक्या याच वेळी फोन हातात दिला, तर मूल शिकतं की एवढ्या ओरडण्यानं भागत नाही, आणखी जोर लावायला हवा.

कधी द्यायचं, कधी नाही, हे त्याहून वाईट. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवरचं, म्हणजे फळ कधी आणि कितीदा मिळतं यावरचं, सविस्तर काम प्रसिद्ध केलं. अधूनमधून फळ मिळालेलं वर्तन, दर वेळी फळ मिळालेल्या वर्तनापेक्षा फार चिवट निघतं. दहादा नाही म्हणून अकराव्यांदा दिलंत, तर हाच चिवटपणा तुम्ही पोसता.

आधी तीन-चार दिवस नोंद ठेवा : हट्ट कितीदा, किती मिनिटं, आधी काय घडलं, नंतर काय मिळालं. त्याला फोनपेक्षा तुमचं लक्षच हवं असेल, तर रागावणंही प्रबलनच ठरतं! घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. नीट शब्दांत मागितलं की लगेच दाद द्या, अगदी काही सेकंदांत. नुसत्या दुर्लक्षानं काय करायचं नाही तेवढंच कळतं. डोकं आपटणं, मारणं असं काही असेल, तर मात्र दुर्लक्ष नको, तज्ज्ञांना दाखवा. आणि हट्ट थांबल्यावर काही दिवसांनी अचानक परतला तर घाबरू नका. तेव्हाही फोन दिला नाही, तर तो सहसा लवकर ओसरतो.

प्रश्न : ऋण प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?

उत्तर : नाही. परीक्षेत हमखास होणारी चूक! 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, वजा. नकोसं काही वजा झालं म्हणून वर्तन वाढतं, ते ऋण प्रबलन. शिक्षेनं वर्तन घटतं. सीटबेल्ट लावला की गाडीची पिरपिर थांबते, म्हणून पुढच्या वेळी आपण तो चटकन लावतो. वरच्या पत्रातही एक उदाहरण दडलंय. फोन दिला की रडणं थांबतं, आणि त्यातून फोन देण्याची पालकांची सवय पक्की होते.