अमेरिकेतला महामार्गांचा कार्बन नियम संसदेने रद्द केला की कोर्टाने? आणि त्यात दंडच नव्हता तर एवढा विरोध कशाला?

कोर्टाने. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, तो रद्द करण्यावर मतदान झालं तेव्हा नियम आधीच रद्द झालेला होता.

हा नियम फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या महामार्ग विभागाचा, डिसेंबर 2023 मधला. राष्ट्रीय महामार्गांवरच्या वाहनांतून किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते प्रत्येक राज्याच्या वाहतूक खात्याने मोजायचं, 2022 हे आधारवर्ष धरायचं आणि तो कमी करण्याचं उद्दिष्ट स्वतःच ठरवायचं. किती कमी, ते राज्याच्या मर्जीवर. नाही जमलं तरी दंड नाही.

मग विरोध का? एक कारण राजकीय. नॉर्थ डकोटासारख्या विरळ वस्तीच्या राज्यात अंतरं एवढी मोठी, की गाडी कमी चालवा म्हणून कोणाला सांगणार? सिनेटमध्ये नियम रद्द करायचा ठराव आणणारे केव्हिन क्रेमर तिथलेच. शिवाय उद्दिष्ट एकदा कागदावर आलं की रस्ता रुंद करायच्या प्रत्येक प्रस्तावाला कोणीतरी ते आडवं घालणार, ही धास्ती. मला ती अगदीच पोकळ वाटत नाही. नियमाच्या बाजूच्या अनेकांना तो हवा होता तोही त्यासाठीच!

पण भारी पडलं ते कायद्याचं कारण. 2012 च्या कायद्याने केंद्राच्या वाहतूक खात्याला महामार्गांची ‘कामगिरी’ मोजायचा अधिकार दिला होता. टेक्सासमधले न्यायाधीश जेम्स वेस्ली हेंड्रिक्स यांनी 27 मार्च 2024 ला निकाल दिला की यात गाड्यांचा धूर येत नाही, आणि नियम रद्द केला. केंटकीत 21 राज्यांनी केलेल्या दाव्यातही काही दिवसांतच निकाल राज्यांच्या बाजूने लागला. ओबामांच्या काळात 2017 ला आलेला असाच नियम ट्रम्प सरकारने 2018 ला काढला होता. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात हे माप स्पष्ट लिहून घेता आलं असतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तेव्हा ते लिहिलं नाही. माझ्या मते खरा घात तिथेच झाला.

मग 10 एप्रिल 2024 ला सिनेटने 53 विरुद्ध 47 मतांनी ठराव का केला? डेमोक्रॅट जो मॅन्चिनही त्या बाजूने होते. कारण 1996 चा काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्ट, म्हणजे सरकारी खात्याचा नवा नियम संसदेला रद्द करू देणारा कायदा. त्यात साध्या बहुमताने भागतं, आणि मुख्य म्हणजे एकदा ठराव कायदा झाला की जवळपास तसाच नियम खात्याला पुन्हा आणता येत नाही. कोर्टाचा निकाल अपिलात फिरू शकतो, हा फिरत नाही. अर्थात बायडन त्यावर सही करतील अशी आशा कोणालाच नव्हती, आणि ठराव पुढे कायदा झालाच नाही.

हेच हत्यार 2025 मध्ये मात्र चाललं. 2035 पासून नव्या गाड्या शून्य उत्सर्जनाच्याच, या कॅलिफोर्नियाच्या धोरणाला मिळालेली केंद्राची खास परवानगी सिनेटने 51 विरुद्ध 44 ने मोडली. अशा परवानगीला 1996 चा कायदा लागूच होत नाही, असं सिनेटच्या स्वतःच्या नियमतज्ज्ञांचं मत असतानाही! 12 जूनला ट्रम्पनी सही केली आणि कॅलिफोर्नियासह अनेक राज्यं कोर्टात गेली.