घरचा सॅटेलाइट रिसीव्हर बाहेरून बघायचाय, राउटरमध्ये ८००१ पोर्ट फॉरवर्ड केला तर चालेल का?

चालेल, पण कृपया तसा पोर्ट, म्हणजे राउटरमधला दरवाजा, सगळ्या इंटरनेटसाठी उघडू नका. राउटरवर वायरगार्ड व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा एन्क्रिप्टेड बोगदा) चालू करा आणि त्यातूनच रिसीव्हरपर्यंत जा. एनिग्मा२ (अनेक सॅटेलाइट रिसीव्हरमधलं सॉफ्टवेअर) वर चालणाऱ्या रिसीव्हरचं वेबपेज सहसा पोर्ट ८० वर आणि चॅनेलचं स्ट्रीम ८००१ वर साध्या एचटीटीपीने येतं, म्हणजे एन्क्रिप्शन नाही. त्यात कित्येक बॉक्सवर 'रूट'चा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा, पासवर्ड मुळात ठेवलेलाच नसतो. तो आधी ठेवा, आजच. वायरगार्डला एकच यूडीपी पोर्ट लागतो, बहुधा ५१८२०, आणि योग्य डिजिटल किल्ली (की) नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. मोबाइलवर बोगदा चालू केला की घरात वापरता तोच १९२.१६८ वाला पत्ता टाकायचा. तो बदलू नये म्हणून राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) रिसीव्हरसाठी राखून ठेवा. मात्र राउटरच्या स्टेटस पेजवरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या (प्रोव्हायडर एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो ती पद्धत) मागे आहात आणि बाहेरून काहीच आत येणार नाही. मग प्रोव्हायडरकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर घरात कायम चालू असलेल्या एखाद्या कॉम्प्युटरवर टेलस्केल (पोर्ट न उघडता चालणारी, वायरगार्डवर आधारित व्हीपीएन सेवा) टाका.