ऑस्ट्रियन संगीतकार शुबर्टने खरंच सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळासाठी, गाणं लिहिलं होतं का?

हो, खरंच लिहिलंय, आणि तेही थेट हिब्रूत! 1828 साली, म्हणजे शुबर्ट गेला त्याच वर्षी, व्हिएन्नाच्या सिनेगॉगमधले मुख्य गायक सालोमोन झुल्त्सर यांच्यासाठी त्याने बायबलमधलं 92 वं स्तोत्र कोरससाठी बांधलं. हे शब्बाथचं, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं स्तोत्र, सुरुवातच 'टोव्ह लेहोदोत', म्हणजे देवाचे आभार मानणं किती चांगलं. शब्बाथला तिथे वाद्य वाजवत नाहीत त्यामुळे सगळा भार नुसत्या गळ्यांवर, कोरस गातो मग मधेच एकटा बॅरिटोन (मध्यम-खालच्या पट्टीतला पुरुष गायक) पुढे येतो आणि पुन्हा सगळे मिळून, ती जागा ऐकताना मला दरवेळी भरून येतं. हेडफोन लावून शांतपणे ऐका. आवडलं तर मग इटलीतल्या मांतुआच्या सालामोने रोस्सी या ज्यू संगीतकाराकडे वळा, तो तर याच्याही दोनशे वर्षं आधीचा.