वाचकांचे प्रश्न : ईमेलचं हेडर आधी फोडायचं, मग वाचायचं

या वेळी आलेले तीन प्रश्न ईमेलच्या हेडरबद्दलचे आहेत, म्हणजे मेलच्या मजकुराआधी येणाऱ्या 'टू', 'फ्रॉम', विषय, तारीख अशा ओळींबद्दलचे. बरीच वर्षं मी मेल स्वीकारणाऱ्या आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करते आहे, आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. इथली दहा ओळींची चूक पुढे कुणाचा तरी मेल भलत्याच्या हाती पोचवू शकते. म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आलेल्या मेलची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मी पायथॉनमध्ये लिहिला आहे. त्यात 'हेडर साफ करा' असं एक हेल्पर फंक्शन आहे. ते कुठलंही हेडर डीकोड करून, म्हणजे त्यातला सांकेतिक मजकूर उलगडून, साधी स्ट्रिंग देतं. 'टू'मधले पत्ते मी त्यानंतर स्वल्पविरामावर तोडतो. अवतरणचिन्हांतला स्वल्पविराम सोडून द्यायची काळजीही घेतली आहे. तरी परवा चार जणांना गेलेल्या मेलमध्ये माझ्या यादीत पाच जण आले, आणि त्यातल्या एकाला पत्ताच नव्हता. असं का?

तुमची दोन्ही कामं ठीक आहेत, क्रम उलटा झाला आहे. आधी तोडायचं असतं आणि डीकोड नंतर करायचं असतं.

हे असं का, ते समजून घेऊ. १९८२च्या आरएफसी ८२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात मेलच्या हेडरचे जे नियम ठरले, त्यांत फक्त आस्की अक्षरांना, म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक आणि साध्या चिन्हांना, जागा होती. मराठी, जपानी, अरबी नावं त्यात बसवायची सोय पुढे झाली. आज जी पद्धत सगळीकडे दिसते ती १९९६च्या आरएफसी २०४७ची. तिच्यात आस्कीबाहेरचा मजकूर एका पाकिटात बंद करतात. सुरुवातीला बरोबरचिन्ह आणि प्रश्नचिन्ह, मग अक्षरसंचाचं नाव, म्हणजे बहुधा यूटीएफ-८, पुन्हा प्रश्नचिन्ह, मग एन्कोड करायची पद्धत सांगणारं बी किंवा क्यू हे एक अक्षर, आणखी एक प्रश्नचिन्ह, मग एन्कोड केलेला मजकूर, आणि शेवटी प्रश्नचिन्ह-बरोबरचिन्ह. या पाकिटाला एन्कोडेड वर्ड म्हणतात.

आता समजा एका पत्त्याचं नाव आहे 'लेखा विभाग, पहिला मजला'. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने हे अख्खं नाव पाकिटात घातलं. आतला स्वल्पविराम बाहेरून दिसत नाही. पत्ते कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात ते बाहेरच्या स्वल्पविरामांवरूनच ठरतं, त्यामुळे हेडर पूर्णपणे नियमाला धरून आहे. तुमच्या फंक्शनने पाकीट आधी उघडलं. स्वल्पविराम उघड्यावर आला, आणि त्यावर कात्री चालली. 'लेखा विभाग' हा तुमचा बिनपत्त्याचा पाचवा माणूस.

अवतरणचिन्हांची काळजी इथे का उपयोगी पडली नाही, हेही बघा. साध्या इंग्रजी नावात स्वल्पविराम असला तर ते नाव अवतरणचिन्हांत घालावंच लागतं, तिथे तुमची तपासणी चालते. एन्कोडेड वर्ड मात्र अवतरणचिन्हांच्या आत ठेवायला २०४७ची सक्त मनाई आहे. म्हणजे पाकिटाभोवती ती चिन्हं नसतातच. डीकोड झाल्यावर तुमच्या हाती जे येतं, त्याला कसलंच कुंपण उरत नाही.

यादीत एक नाव वाढणं हा यातला सौम्य प्रकार. एखाद्याने मुद्दाम नावाच्या जागी दुसऱ्याचा अख्खा पत्ता, कोनी कंसांसकट आणि पुढच्या स्वल्पविरामासकट, पाकिटात घालून पाठवला तर? आधी डीकोड करणारा प्रोग्रॅम त्यालाच खरा पत्ता समजेल. 'फ्रॉम' बघून मेल कुणाचा ते तुम्ही ठरवत असाल, तर पाठवणारा कोण हे आता तो परका माणूस ठरवतो आहे.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी हेडरच्या घड्या उलगडा. लांब हेडर पुढच्या ओळीवर मोडलेलं असतं आणि ती ओळ स्पेसने किंवा टॅबने सुरू होते. उलगडताना फक्त ओळ मोडणारी चिन्हं काढायची, स्पेस तशीच ठेवायची. मग पत्ते वेगळे करा. त्यासाठी स्वतः स्वल्पविराम शोधत बसू नका, पायथॉनच्या ईमेल.यूटिल्समधलं गेटअ‍ॅड्रेसेस वापरा. त्यातून नाव आणि पत्ता अशा जोड्या मिळतात. आता त्यातलं फक्त नाव डीकोड करा. पत्त्याला हात लावू नका.

डीकोड-हेडर हे फंक्शन वापरणार असाल तर त्याचा एक स्वभाव माहीत असू द्या. हेडरमध्ये एकही पाकीट नसेल तर ते स्ट्रिंग देतं, एखादं जरी असलं तर बाइट्स देतं. मराठी विषयांवर नीट चालणारा कोड साध्या इंग्रजी विषयाला कोलमडतो तो यामुळे. मिळालेले तुकडे मेक-हेडरला द्या, ते दोन्ही प्रकार सांभाळतं.

माझ्या हातून जोडणीच्या जागी चूक झाली होती. एक लांब नाव दोन पाकिटांत आलं की माझं फंक्शन मध्ये स्पेस घालून ते जोडत असे. शेजारशेजारच्या दोन पाकिटांमधली मोकळी जागा सोडून द्यायची, हा नियम मी वाचला नव्हता. कित्येक महिने नोंदवहीत लोकांची नावं मधोमध तुटलेली जात राहिली आणि कुणी तक्रारही केली नाही. माणसाचं नाव चुकीचं छापलं जाणं मला तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं. त्यानंतर असं प्रत्येक हेडर, जसं आलं तसं, बाइट न बाइट, मी टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवत आले आहे. तुम्हीही त्या पाच जणांच्या मेलचं हेडर आजच ठेवून द्या.

नवा कोड लिहीत असाल तर यातलं बरंचसं स्वतः लिहायची गरज नाही. मेल वाचताना पायथॉनच्या ईमेल लायब्ररीतली पॉलिसी.डीफॉल्ट ही सेटिंग द्या. नाव डीफॉल्ट असलं तरी ती आपोआप लागू होत नाही, हाताने द्यावी लागते. दिली की 'टू' हेडरला अ‍ॅड्रेसेस हा गुणधर्म मिळतो, पत्ते आधीच सुटे केलेले आणि नावं वाचलेली. 'साफ करा'सारखं सगळ्या हेडरांना एकच औषध देणारं फंक्शन माझ्या मते असूच नये. विषय हा मजकूर आहे, 'टू' ही यादी आहे, तारीख ही तारीख आहे. तिघांना तीन फंक्शनं द्या.

प्रश्न : आमच्याकडे मेल पाठवायचा कोड जुना, घरचा आहे. 'मासिक बैठकीचा वृत्तांत' असा विषय पाठवला की काही जणांना 'वृ'च्या पुढे काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसतात, काहींना सगळं नीट दिसतं. इंग्रजी विषयाला कधीच त्रास होत नाही. पंधरा अक्षरांचा एक सलग शब्द पाठवून पाहिला, तोही नीट गेला.

तुमचा शेवटचा प्रयोग फार कामाचा आहे. चूक कुठे आहे ते त्यावरून कोड न बघता सांगता येतं.

एका एन्कोडेड वर्डची लांबी जास्तीत जास्त ७५ अक्षरं. यूटीएफ-८ आणि बी पद्धत घेतली तर सुरुवातीची खूण १० अक्षरं खाते, शेवटची २. उरली ६३. बी पद्धत म्हणजे बेस६४, तिचा मजकूर चाराच्या पटीत असतो, म्हणून ६०. चार अक्षरांत तीन बाइट मावतात, म्हणजे ४५ बाइट. तुमचा कोड विषयाचे बाइट ४५-४५च्या तुकड्यांत कापत असणार.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजायची. तीन पंधरे पंचेचाळीस. सलग देवनागरी असेल तर सुरी बरोबर दोन चिन्हांच्या मधे पडते, म्हणून तुमचा लांब शब्द वाचला. पण स्पेस एकच बाइट घेते. 'मासिक' म्हणजे पाच चिन्हं, १५ बाइट. स्पेस धरून १६. 'बैठकीचा' सात चिन्हं, ३७. पुन्हा स्पेस, ३८. 'व' ४१, त्याचा ऋकार ४४. आता पुढच्या 'त'चा पहिला बाइट या पाकिटात आणि उरलेले दोन पुढच्या पाकिटात. एका 'त'चे असे दोन तुकडे झाले.

काही मेल-प्रोग्रॅम सगळ्या पाकिटांतले बाइट आधी एकत्र करतात आणि मग वाचतात. त्यांना 'त' अखंड मिळतो. बाकीचे प्रोग्रॅम प्रत्येक पाकीट वेगळं वाचतात, आणि नियमाने त्यांचंच बरोबर आहे. पाकिटात पूर्ण चिन्हंच असली पाहिजेत असं २०४७ स्पष्ट सांगते.

दुरुस्ती सोपी आहे. बाइट कापण्याऐवजी चिन्ह न चिन्ह घ्या, प्रत्येकाचे बाइट मोजा, पुढचं चिन्ह घेतल्यावर ४५ ओलांडत असतील तर नवीन पाकीट सुरू करा. तुमच्या विषयात पहिलं पाकीट ४४ बाइटांचं होईल, दुसरं १८चं. मी तर शक्य तिथे अक्षर आणि त्याची मात्राही एकाच पाकिटात ठेवते. नियम तेवढं मागत नाही, पण हेडर तपासताना डोळ्यांना बरं पडतं.

याच फंक्शनमध्ये आणखी एक गोष्ट बघून घ्या. विषय कुठल्या फॉर्ममधून येत असेल तर त्यात ओळ मोडणारं चिन्ह असता कामा नये. असलं तर कुणीही विषयाच्या पोटातून स्वतःचं 'बीसीसी' हेडर घुसवू शकतो आणि तुमच्या सर्व्हरवरून हव्या त्या लोकांना मेल धाडू शकतो. असं चिन्ह गुपचूप पुसून पुढे जाऊ नका, मेल नाकारा आणि लॉगमध्ये नोंद करा.

प्रश्न : मेल तारखेप्रमाणे लावताना प्रोग्रॅम मधेच एरर देतो, की टाइमझोन असलेली आणि नसलेली वेळ यांची तुलना होत नाही. पण 'डेट' हेडरमध्ये प्रत्येक ठिकाणी टाइमझोन आहे, मी पाहिलं.

त्यातला एखादा 'उणे ०००० ' असा असेल. दिसायला तो 'अधिक ००००'सारखाच, पण अर्थ वेगळा. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे, पाठवणाऱ्याचा स्थानिक टाइमझोन मात्र सांगितलेला नाही, असं तो म्हणतो. त्यामुळे पार्सडेट-टू-डेटटाइम तिथे बिनटाइमझोनची वेळ परत देतं. तशी वेळ आली की तिला यूटीसी लावा, तुलना चालेल.

पण मेल कधी आला त्या क्रमाने लावायचे असतील तर 'डेट' घेऊच नका. ते पाठवणाऱ्याचं घड्याळ आहे, ते मागे-पुढे असू शकतं. त्याऐवजी 'रिसीव्ह्ड' हेडर घ्या. प्रत्येक सर्व्हर आपलं 'रिसीव्ह्ड' सगळ्यात वर चिकटवतो, म्हणून पहिलं तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचं असतं. त्यातल्या शेवटच्या अर्धविरामानंतर वेळ असते. हेडर डिक्शनरीत भरू नका, एकाच नावाची अनेक असतात आणि शेवटचंच उरतं. गेट-ऑल वापरून यादी घ्या आणि तिच्यातलं पहिलं उचला. खालच्यांवर विसंबू नका, ती पाठवणाऱ्यालाही आधीच लिहून ठेवता येतात.