घोडा, फोर्ड आणि तुमचा टेम्पो

प्रश्न : सांगलीत बेकरी आहे. दोन डिझेल तीनचाकी आहेत, कर्ज फिटलंय. एक शहरात रोज ३५ किमी फिरते, साठेक दुकानं करते. दुसरी खेड्यांकडे ११० किमी. डिझेल किमीला ३ रुपये ६० पैसे पडतं. दोन्ही विकून ८ लाखांच्या कर्जावर दोन इलेक्ट्रिक घेऊ का? ट्रक आल्यावर घोड्यांना चिकटून बसलेले व्यापारी मागे पडले, तसं व्हायला नको.

उत्तर : आधी घोड्यांचंच बघू, कारण तिथे तुमची समजूत अर्धी बरोबर आहे. फोर्डने जुलै १९१७ मध्ये मॉडेल टीटी हा एक टनी ट्रक ६०० डॉलरला आणला. पण ते पैसे नुसत्या चासीचे. केबिन आणि मागची पेटी वेगळी बांधून घ्यायची. (आजही जाहिरातीतली किंमत आणि ऑन-रोड किंमत यांत हेच होतं.) तरी ट्रक परवडायचा तो लांबच्या फेरीला. घोडा दिवसाला २५-३० किमीनंतर थकायचा, आणि रविवारी तबेल्यात उभा राहूनही चंदी खायचाच. याउलट दारोदारी दूध घालणाऱ्या अमेरिकन डेऱ्यांनी १९३० नंतरही घोडे ठेवले. दूधवाला बाटल्या घेऊन पायऱ्या चढेपर्यंत घोडा आपला आपण पुढच्या दारात जाऊन उभा. ट्रकला प्रत्येक थांब्यावर चढा, गिअर टाका, उतरा. त्या डेऱ्या काही बुडाल्या नाहीत. आपली फेरी ओळखून होत्या.

आता तुमची फेरी. इलेक्ट्रिक तीनचाकीला १०० किमीला साधारण १० युनिट धरू, युनिट १० रुपयांना. म्हणजे किमीला १ रुपया. बचत २ रुपये ६० पैसे. महिन्याचे २६ दिवस धरले तर शहरातली गाडी ९१० किमी चालते, वाचतात २,३६६ रुपये. ४ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता जवळपास १०,३४०. जुनी गाडी ८० हजारांना विकून कर्ज ३.२० लाखांवर आणलं तरी ८,२७०. खेड्यांच्या गाडीत ७,४३६ रुपये वाचतील, पण भरलेल्या क्रेटसह ८०-९० किमीनंतर बॅटरी मान टाकते. मध्येच तीन-चार तास चार्जिंगला लावलीत तर सकाळचा पाव दुपारी पोचणार. थोडक्यात, जिथे गाडी पुरते तिथे हप्ता निघत नाही, आणि जिथे हप्त्याच्या जवळ जातं तिथे गाडी पुरत नाही. संध्याकाळी तबेल्यात परतायची सवय या नव्या गाडीला घोड्याचीच आहे.

म्हणून चालत्या गाड्या विकू नका. शहरातल्या टेम्पोचं इंजिन खोलायची वेळ आली की मात्र त्यात पैसे ओतू नका. तेव्हा प्रश्न बदलतो: नवी गाडी घ्यायचीच आहे, डिझेल की इलेक्ट्रिक? इलेक्ट्रिक लाखभर महाग असेल, तर जादा हप्ता २,५८५. त्यातले २,३६६ डिझेलमध्ये सुटतात, ऑइल-फिल्टर आणि क्लचप्लेटचा खर्च उरत नाही, हिशोब बसतो. तोवर दरमहा ५,००० आरडीत टाका, १८ महिन्यांत व्याज सोडून ९० हजार होतात. तेवढं कर्ज कमी.

बेकरीच्या मीटरवर भट्टी, मिक्सर, फ्रीज आधीच असेल, तर मंजूर भार वाढवावा लागेल का हे महावितरणकडे आत्ताच विचारा. चार्जरला स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर लावलंत तर प्लग जळतो. वॉरंटी वर्षं आणि किमी दोन्हींत असते, जे आधी संपेल ते लागू. मालक बदलल्यावर ती टिकते का, हे लेखी घ्या. विकताना किंमत त्यावरच ठरते.

डीलरकडून एक दिवस गाडी मागून घ्या. रिकामी नको, पहाटे पूर्ण क्रेट भरून तुमच्याच ड्रायव्हरला द्या, तुमच्याच साठ दुकानांवर. परत आल्यावर ४० टक्के चार्ज शिल्लक असेल तर ती गाडी तुमच्या यादीत ठेवा.