‘मुलगी युनोत जायचं म्हणते, डिप्लोमा लावू का?’

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये शाश्वत विकासाच्या धोरणांचा समन्वय करायचा आहे. दीड लाख फीचा एक ‘इंटरनॅशनल एसडीजी डिप्लोमा’ वडिलांनी पाहून ठेवला आहे आणि तो लावावा का, असं विचारलं आहे.

नमस्कार. डिप्लोम्याचे पैसे भरू नका. तसा डिप्लोमा कुठल्याही पदाची अट नसते. तुमच्या मुलीकडे त्याहून मोलाची गोष्ट आधीच आहे, ती म्हणजे संख्याशास्त्र.

पाण्याचंच घ्या. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलेल्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांपैकी, म्हणजे एसडीजींपैकी, सहावं पाणी आणि स्वच्छतेचं. पिण्याच्या पाण्याची आकडेवारी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून ठेवतात, शेतीसह एकूण पाणीवापराची अन्न व कृषी संघटना, नद्या-तलावांच्या गुणवत्तेची संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम. या सगळ्यांची मोट बांधायला 2003 पासून ‘यूएन-वॉटर’ आहे. ती स्वतः एकही नळ बसवत नाही. कोण काय मोजणार, अहवाल एकत्र कसा येणार, हे ठरवणं हेच तिचं काम.

आणि इथेच खरी कसोटी लागते. तुमच्या भागातल्या एखाद्या घरात नळजोडणी झाली, पण पाणी आठवड्यातून एकदाच येतं, असं समजा. जोडण्या मोजणाऱ्या तक्त्यात ते घर बसतं. आंतरराष्ट्रीय व्याख्येत ‘सुरक्षित व्यवस्थापित’ पाणी म्हणजे घराच्या आवारात, लागेल तेव्हा आणि दूषित नसलेलं. त्या तक्त्यात ते घर बसत नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, आणि दोन्ही घेऊन लोक एकाच बैठकीला येतात. तिथे ज्याला व्याख्या, नमुना आणि सर्वेक्षणाची प्रश्नावली कळते, त्याचं म्हणणं सगळे ऐकून घेतात. नुसती ‘धोरणं’ शिकून आलेला माणूस इतिवृत्त लिहीत बसतो, हे मी ठामपणे सांगतो.

2019 पासून देशोदेशीचे निवासी समन्वयक, म्हणजे त्या देशातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या संस्थांच्या कामाचा मेळ घालणारे अधिकारी, यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमापासून वेगळे झाले आणि त्यांची कार्यालयं बळकट झाली. तिथे अर्थतज्ज्ञ आणि डेटा अधिकारी अशी पदं असतात. पण तिथे थेट पदवीवरून कोणी पोचत नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि काही वर्षांचा अनुभव लागतो.

म्हणून पुढचं पाऊल मुंबईत टाका. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम पाहते. घरात पाणी कुठून येतं, हा प्रश्न त्या सर्वेक्षणात असतो. तिथून एम.एस्सी. केली तर आकडा जन्मतो कुठे, हे ती समजून घेईल. पुण्याची गोखले संस्थाही चांगली, कल अर्थशास्त्राकडे असेल तर. त्यानंतर दोन-तीन वर्षं जिल्हा पातळीवर पाणी किंवा पोषणाच्या एखाद्या कार्यक्रमात डेटाचं काम करू द्या. हा टप्पा गाळू नका. सोबत फ्रेंच शिकली तर उत्तम, कारण इंग्रजीबरोबर तीही संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाची भाषा आहे.

परीक्षेतून सचिवालयाच्या नोकरीत थेट प्रवेश देणारा ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम’ 32 वर्षांपर्यंतच्यांसाठी असतो, पण त्यात कोणते देश बसतात हे दरवर्षी ठरतं. भारत यादीत असेल हे गृहीत धरून आखणी करू नका. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, यूएनव्ही, हा जास्त भरवशाचा रस्ता आहे. भारतातल्या भारतातही नेमणुका होतात आणि दरमहा निर्वाह भत्ता मिळतो. सचिवालयातली इंटर्नशिप मात्र बिनपगारी असते, न्यू यॉर्कचा खर्च आपलाच.

काळ अवघड आहे, हेही तिच्याशी बोला. 2025 मध्ये अमेरिकेने परदेशांना विकासासाठी मदत देणारी आपली संस्था, यूएसएड, बंद केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांनी माणसं कमी केली. आकडेवारीचं शिक्षण राज्य सरकारात, संशोधन संस्थांत, बँकांतही चालतं, त्यामुळे तिचं नुकसान होणार नाही.

अर्ज, मुलाखत किंवा प्रशिक्षणाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत.